महाडचे तळे आणि एक ठराव

सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड हे जुन्या बाजारपेठेचे गाव. खाडीतून येणारी गलबते आणि घाटावरून उतरणारे तांडे यांच्या मालाची देवघेव येथे होत असे. घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर आणि डोंगरकपारीतील लहान लहान खेडी यांना मोठा बाजार, कचेरी आणि न्यायालय यांसाठी महाडच गाठावे लागे. सारा भरण्यासाठी, मीठमिरची घेण्यासाठी, टपाल व कागदपत्रे पोहोचविण्यासाठी माणसे पहाटे निघत आणि ऊन डोक्यावर आले की महाडात पोहोचत. इतके चालून आलेल्या माणसाला प्रथम हवे असते ते पाणी.

गावात पाणी होते. चवदार तळे नावाचा चार-पाच एकरांचा विस्तीर्ण जलाशय गावाच्या एका अंगास होता. पावसाचे पाणी आणि पोटातील झरे यांवर तो भरत असे. चारी बाजूंनी बांध, बांधाच्या कडेने जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंची व थोडी मुसलमानांची घरे, अशी त्याची मांडणी होती. परगावच्या माणसाला सहज पाणी मिळावे असे सार्वजनिक ठिकाण गावात हे एकच. परंतु त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना या तळ्याला हात लावू दिला जात नसे. त्यांच्या वस्तीत गावाच्या मध्यापासून दूर एक विहीर होती. पण तिची निगा राखली न गेल्यामुळे ती गाळाने बुजत आली होती. तळ्यावर गुरे पाणी पीत, पक्षी पाणी पीत. दहा कोस चालून आलेला माणूस मात्र तहानेलाच परत जाई.

हे तळे कोणाचे, या प्रश्नाला पुढे फार महत्त्व आले, म्हणून नगरपालिकेची ओळख येथेच करून घेतली पाहिजे. महाडची नगरपालिका 1866 साली स्थापन झाली. रस्ते झाडणे, दिवे लावणे, विहिरी व तळी राखणे, देवी टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे ही अशा नगरपालिकांची नित्याची कामे. यांत डोळे दिपविणारे काही नाही. सभासद ठरल्या दिवशी जमतात. सभेपुढे कोणते विषय येणार याची पत्रिका त्यांना आधी मिळालेली असते. एक सभासद सूचना मांडतो, दुसरा तिला अनुमोदन देतो, चर्चा होते, मते घेतली जातात. बहुमत झाले की त्या सूचनेचा ठराव बनतो आणि तो इतिवृत्ताच्या वहीत लिहिला जातो. गटार कोठून न्यावे, दिव्याचे तेल कोणाकडून घ्यावे, अशा शेकडो ठरावांनी या वह्या भरलेल्या असतात. त्या वाचण्यात कोणाला गोडी वाटत नाही. पण कधी कधी दोन रूक्ष ठरावांच्या मध्येच असा एखादा ठराव सापडतो की, ज्याच्यामुळे गावाचे नाव देशभर होते. महाडच्या वहीत तसा एक ठराव आहे.

त्याचा उगम मुंबईत झाला. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. सप्टेंबर महिन्यात सरकारने आपल्या कचेऱ्यांना तसे हुकूम दिले. नगरपालिका मात्र सरकारी कचेऱ्या नव्हेत. त्या आपला कारभार आपण पाहणाऱ्या संस्था. त्यांना सरकारने हुकूम केला नाही, तर जिल्ह्याच्या कलेक्टरांमार्फत सल्ला दिला. सल्ला मानणे अथवा न मानणे प्रत्येक नगरपालिकेच्या हाती राहिले. पुष्कळ ठिकाणी तो कागद फडताळातच पडून राहिला असेल.

महाडने मात्र तो विषय सभेपुढे घेतला. 5 जानेवारी 1924 रोजी नगरपालिकेने ठराव केला. चवदार तळे अस्पृश्यांस वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. गावात सुधारणेची चाड असलेली मंडळी होती. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांपैकीच. शेकडो वर्षांची रूढी एका लहान गावाच्या सभेने शांतपणे मते देऊन बाजूस सारावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तरीही तीन वर्षे तळ्यावर काही बदलले नाही. ‘हरकत नाही’ या दोन शब्दांकडे नीट पाहिले म्हणजे याचे कारण कळते. नगरपालिकेने आपली हरकत काढून घेतली होती; पण तळ्याकाठच्या घरांतील लोकांची हरकत कायम होती. पहिली घागर कोणी बुडवायची? ती बुडविणाऱ्यास कोणी अडविले, मारले, तर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे? गावच्या सावकाराने त्याचे कर्ज आणि जमीनदाराने त्याची जमीन काढून घेतली तर तो खाणार काय? या प्रश्नांना ठरावात उत्तर नव्हते. सभेत हात वर करणे आणि तळ्यात ओंजळ बुडविणे यांत फार अंतर होते. 5 ऑगस्ट 1926 रोजी कौन्सिलाने आणखी एक पाऊल टाकले. जी स्थानिक मंडळे हा ठराव अंमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे, अशी शिफारस केली. महाडचा ठराव तर झालेलाच होता. उणीव होती ती अंमलाची.

ती उणीव भरून काढण्याचे काम अखेर ज्यांना तहान लागली होती त्यांनीच केले. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा या नावाने ओळखला जाई. परिषद घडवून आणण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेतला होता आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डोंगरी खेड्यांतून प्रतिनिधी पायी आले. एवढ्या लोकांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. ज्या तळ्यावर पाणी भरण्यास नगरपालिकेची हरकत नव्हती, ते तळे तेथून जवळच होते.

दुसऱ्या दिवशी परिषदेचे काम संपत आले असता अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर सर्वांनी आताच तेथे जाऊन पाणी प्यावे. मंडपातून मिरवणूक निघाली आणि रांगेने, शिस्तीने, बाजारपेठेतून तळ्याकडे गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि ते प्याले. त्यांच्यामागून इतरही प्याले. तीन वर्षे वहीत पडून असलेला ठराव त्या दिवशी प्रथमच अंमलात आला, आणि तो आणणारांमध्ये नगरपालिकेचा शिपाईदेखील नव्हता.

त्यानंतर गावात एक खोटी अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. जमाव खवळला. मंडपात जेवत असलेल्या आणि घरी परतण्याच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. अनेक जखमी झाले. त्यांच्याकडची माणसे थोडी नव्हती. पण बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे न्यायालयात शिक्षा झाल्या. तळे ‘बाटले’ म्हणून त्यातून घागरी भरभरून पाणी बाहेर काढण्यात आले, पंचगव्य सोडून मंत्र म्हणण्यात आले, आणि मग ते ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर झाले.

आता सारा भार पुन्हा नगरपालिकेवर आला. गावातील प्रबळ लोकांचा रोष एका बाजूस, आपलाच ठराव दुसऱ्या बाजूस. जी सभा ठराव करते, तिला तो फिरविताही येतो. सभेच्या कामकाजाचा तो नियमच आहे. 4 ऑगस्ट 1927 रोजी महाड नगरपालिकेने 1924 चा ठराव मागे घेतला. मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. जिने आधी धैर्य दाखविले तिनेच कच खावी, हे पाहून वाईट वाटते. परंतु बहुमत हे ज्या माणसांचे बनते त्यांच्याइतकेच धीट असते.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडास परिषद बोलावली आणि तळ्याचे पाणी पुन्हा घेण्याचे ठरले. इतक्यात विरोधकांनी 12 डिसेंबर रोजी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे व अनादी काळापासूनच्या वहिवाटीने ते केवळ स्पृश्यांच्या वापराचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 14 डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. 25 डिसेंबरपासून परिषद भरली. त्याच दिवशी विषमतेचे प्रतीक म्हणून मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले होते आणि तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. तरी बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखण्याचे ठरविले. लोकांनी मिरवणुकीने तळ्याला वळसा घातला. पाण्याला कोणी हात लावला नाही. पाणी पिण्यापेक्षा ते पाणी समोर दिसत असता न पिणे त्या दिवशी अधिक कठीण झाले असेल.

मग दाव्याचे काम सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. महाडच्या न्यायालयाने 8 जून 1931 रोजी दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या न्यायालयात गेले. तेथे 30 जानेवारी 1933 रोजी त्यांचे अपील फेटाळले गेले. अखेर प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात पोहोचले.

न्यायालयात भाषणे चालत नाहीत. कागद आणि साक्षी चालतात. नगरपालिकेने ठराव मागे घेतला होता हे खरे. पण तळ्याची मालकी ती मागे घेऊ शकत नव्हती. जागेचे जुने दप्तर तपासले तेव्हा तळे कोणा घराण्याचे वा जातीचे नसून नगरपालिकेकडे असलेले सार्वजनिक तळे आहे, हेच सिद्ध झाले. राहिला प्रश्न वहिवाटीचा. एखाद्या रूढीला कायद्याचे बळ यायचे तर ती अतिप्राचीन काळापासून, निश्चितपणे आणि अखंड चालत आलेली असली पाहिजे, आणि ते दाखविण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी भरीत नव्हते, यात वाद नव्हता. परंतु तळ्याजवळ त्यांची घरेच नव्हती. कोणी एका ठिकाणी पाणी भरले नाही एवढ्यावरून, त्याला तेथे मनाई करण्याचा हक्क दुसऱ्याला फार पूर्वीपासून मिळालेला आहे, असे ठरत नाही. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. बाबासाहेबांनी ओंजळ भरली त्या दिवसाला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उणे होते.

या निकालात समतेविषयी उंच स्वरातील वाक्ये शोधणारास निराशा येईल. तळे कोणाचे आणि हक्क कशाच्या आधारावर, एवढेच न्यायालयाने पाहिले. पण ज्या गावाने ठराव फिरविला होता, त्या गावाला नगरपालिकेच्या दप्तरातील नोंद फिरविता आली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पुढे बाबासाहेब घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या भारताच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात असे म्हटले आहे की, सरकारी पैशाने पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अथवा सर्वांच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणासही अटकाव करता येणार नाही. तलावांचा हा उल्लेख आता कोणत्याही नगरपालिकेला बहुमताने ठराव करून काढून टाकता येत नाही.

शब्दार्थ : इतिवृत्त – सभेत झालेल्या कामाची लेखी नोंद. अनुमोदन – दुसऱ्याने मांडलेल्या सूचनेस दिलेला पाठिंबा. वहिवाट – दीर्घकाळ चालत आलेला वापर. वादी – दावा दाखल करणारा. मनाईहुकूम – एखादी गोष्ट करू नये असा न्यायालयाचा आदेश.

स्वाध्याय : 1924 चा ठराव तीन वर्षे अंमलात का आला नाही? ठराव मागे घेतला गेला, तरी दाव्याचा निकाल वादींच्या बाजूने का लागला नाही? डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी का घेतले नाही, व ते योग्य होते असे तुम्हांस वाटते काय? आपल्या गावच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या एखाद्या सभेची विषयपत्रिका मिळवून वर्गात वाचा.