आधी आपल्या यंत्रांची यादी

पेण

चि. अनघा हिस,


धाटावच्या कारखान्यात संगणक सुरक्षेचं काम तुझ्याकडे सोपवलं, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. तुझा प्रश्नही पोचला: रोज इतके सीव्हीई क्रमांक येतात, त्यांतलं वाचायचं काय आणि सोडायचं काय?

सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जाहीर त्रुटींना दिलेले क्रमांक. ते मुळात का आले, हे आधी समजून घे. पूर्वी सॉफ्टवेअरमधल्या एकाच त्रुटीला प्रत्येक कंपनी आपापलं नाव देई. दोन तपासणी साधनांनी दाखवलेली त्रुटी एकच की निराळी, ते कळत नसे. अमेरिकेतल्या मायटर संस्थेच्या डेव्हिड मान आणि स्टीव्हन ख्रिस्ती यांनी जानेवारी १९९९ मध्ये सामाईक यादीची कल्पना मांडली आणि त्याच सप्टेंबरात ३२१ नोंदींची पहिली यादी निघाली. शेताला गावात चार नावं असली, तरी तलाठी, बँक आणि कोर्ट गट नंबरानंच बोलतात. तशी सोय झाली. २०२४ या एका वर्षात चाळीस हजारांच्या आसपास क्रमांक निघाले.

क्रमांकातलं वर्ष पाहून फसू नकोस. तो क्रमांक कधी घेतला किंवा त्रुटी कधी जाहीर झाली, एवढंच त्यातून कळतं. चूक कोडमध्ये त्याआधी दहा वर्षं पडून असू शकते. मायक्रोसॉफ्ट, सीमेन्स अशा कंपन्या आपल्या मालाचे क्रमांक स्वतः देतात. २०२१ पासून सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेलाही तो अधिकार आहे. क्रमांक आधी राखून ठेवतात, तपशील मागून येतो. तेव्हा नोंद कोरी दिसली म्हणून दुर्लक्ष करू नकोस. नोंदीसोबत शून्य ते दहा यांमधले गुण दिलेले असतात, ते त्रुटी किती घातक ते सांगतात. तुझ्या प्लांटला धोका किती, ते त्यात नसतं. नऊ गुणांची त्रुटी तुमच्याकडे नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तुला तिचं काय? उलट सहा गुणांची एखादी रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्या पीएलसी नियंत्रकात निघाली, तर तिच्यासाठी तुला मॅनेजरच्या केबिनमध्ये जावंच लागेल.

आता आपल्याच जिल्ह्यातलं ऐक. सीव्हीई-२०१७-०१४४ ही विंडोजमधली त्रुटी. मायक्रोसॉफ्टनं तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, १४ मार्च २०१७ रोजी दिला. मे महिन्यात वॉनाक्राय या घातक प्रोग्रामनं तिचाच वापर करून जगभर हाहाकार उडवला. तरीही २७ जूनला तीच त्रुटी वापरणारा नॉटपेट्या आला, तेव्हा जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहाचं संगणकजाळं कोलमडलं आणि उरण तालुक्यात न्हावाशेव्याला त्यांचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. क्रमांक होता, पॅच होता, इशाराही होऊन गेला होता. नॉटपेट्या एकदा आत शिरला की संगणकाच्या मेमरीतले पासवर्ड चोरून पॅच केलेल्या यंत्रांवरही जाई. म्हणजे विसरलेलं एक यंत्र बाकीच्यांना घेऊन बुडू शकतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सीव्हीई वाचायला बसण्याआधी आपल्या यंत्रांची यादी कर. ऑफिसातले संगणक सोपे आहेत. कंट्रोल रूममधला जुना विंडोजवाला पीसी, वजनकाट्याचा संगणक, गेटवरचा कॅमेरा, व्हेंडरनं दुरुस्तीसाठी लावून ठेवलेला मोडेम, हेही त्यात यायला हवेत. प्रत्येकापुढे सॉफ्टवेअरचं नाव आणि नेमकी आवृत्ती लिही. कागदावर विसंबू नकोस, पॅनेल उघडून बघ. ऑपरेटर आणि इन्स्ट्रुमेंटची माणसं बरोबर घे. त्यांना माहीत असतं ते कुठल्याच फाइलीत नसतं. अशी यादी हातात असली की रोजच्या ढिगातले तुमच्या कामाचे क्रमांक थोडेच उरतात.

रसायनांचा प्लांट पॅचसाठी मध्येच थांबवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. शटडाऊनपर्यंत थांबावं लागलं, तर तेवढ्यापुरतं ते यंत्र बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं कर आणि धोका कुणी, कधीपर्यंत पत्करला ते रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहून घे. यात भीड धरू नकोस.

कधी तुलाच एखादी नवी त्रुटी सापडेल. तिचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस. आधी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला कळव, दाद लागली नाही तर सर्ट-इनला. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय डोकावणं, हेतू कितीही चांगला असो, आपल्या कायद्यात बसत नाही. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तो लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं. सर्ट-इनचा पत्ता आजच कंट्रोल रूममध्ये लावून ठेव.

यादी पुरी झाली की एखाद्या रविवारी ती घेऊन पेणला ये. आपण दोघं मिळून तपासू.

तुझा,
मामा