नितळ पाणी शुद्ध असतेच का?

शेंद्र्याच्या ओढ्याचे पाणी पावसाळा सरल्यावर तळ दिसेल इतके नितळ असते. शेळ्या चारताना आपण ते ओंजळीने पितो. मीही प्यायचे. पण गुरुजींनी प्रयोग दाखवला आणि माझे डोळेच उघडले.

तपासणीच्या बाटलीत औषध आधीच असते. तिच्यात आम्ही ओढ्याचे पाणी खुणेपर्यंत भरले, बूच लावले आणि ती उबदार जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, पाणी काळेकुट्ट! माणसांच्या व गुरांच्या विष्ठेतले जंतू पाण्यात असले की असा रंग येतो. अशा पाण्याने हगवण, विषमज्वर होतो. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही नसावा, असे भारतीय मानक सांगते.

दुसरी तपासणी तापमापीची. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणून पाणी तापले की मासे गुदमरतात. थंड देशांतला सामन मासा तर गार पाण्यातच अंडी घालतो. आपला मरळ वर येऊन हवा घेतो, म्हणून तगतो. सांडपाणी मिसळले तर ते कुजताना उरलेला प्राणवायूही संपतो. शहरातल्या खाम व सुखना नद्यांचे असेच हाल झाले.

पालकांनो, ओढ्याकाठी शौचाला बसू नका. काठची झाडे तोडू नका, त्यांच्या सावलीने पाणी गार राहते. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घ्या. मी तर आता घरूनच बाटली नेते!