लिलावात गिऱ्हाईक फिरले तर फी परत कशी मिळवावी?



हा विषय ऊस विकास विभागाचा नव्हे, हे मी जाणतो. पण परळला माझ्या मामेभावाच्या घरी झालेली फजिती मी डोळ्यांनी पाहिली. आपली शिकलेली पोरेही हल्ली मोबाईलवर वस्तू विकतात. म्हणून या वेळी खोडव्याऐवजी लिलावाबद्दल लिहितो.

मामा गिरणीत जॉबर होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, चाळीतली खोली आणि भिंतीवरचे किल्लीचे घड्याळ तेवढे राहिले. पुतण्याने ते घड्याळ एका परदेशी संकेतस्थळावर लिलावाला लावले. बोली चढत बारा हजारांवर थांबली. मामींच्या मोतीबिंदूची सोय झाली म्हणून घर खूष! पण पैसे काही येईनात. गिऱ्हाईक म्हणे, आज देतो, उद्या देतो. पोरगा भिडस्त, दीड महिना थांबला. मग ते गिऱ्हाईक गपच झाले. इकडे विक्रीची फी खात्यावर नावे पडलेली होती. परत मागायला गेला तर मुदत टळलेली.

आता नियम समजून घ्या. ही फी म्हणजे आपल्या गुळाच्या सौद्यातली अडतच. सौदाच मोडला तर अडत कसली? पण ती आपसूक परत येत नाही, सौदा रीतसर रद्द करावा लागतो. ईबेवर चार दिवसांत पैसे न आल्यास ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हे कारण नोंदवून विक्रेत्याला सौदा रद्द करता येतो. तसे केले की विक्रीवरची फी खात्यात जमा होते. मात्र हे तीस दिवसांच्या आत करायचे. कारण लिहितानाही जपा. घाईत ‘माल शिल्लक नाही’ असे नोंदवले तर ठपका विक्रेत्यावर बसतो. वस्तू मांडण्याची वेगळी फी दिली असेल तर ती परत मिळेल असे धरून चालू नका. आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘बाहेरच्या बाहेर उरकू’, तर साफ नाही म्हणा.

गिऱ्हाइकाशी बोलणे तिथल्याच निरोपपेटीत, लेखी करावे. फोनवरच्या गोडगोड बोलण्याला पुरावा नसतो.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. माल विक्री कायदा १९३०, कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडल्यावर नाही. कलम ५४ प्रमाणे पैसे न देणाऱ्याला नोटीस देऊन, वाजवी मुदतीनंतर माल पुन्हा विकता येतो आणि तूट त्याच्याकडून मागता येते. पण बारा हजारांच्या घड्याळासाठी परदेशातल्या माणसावर दावा कोण लावणार? तिथे फी वाचवणे एवढेच हाती असते.

साखर कारखान्यांच्या भंगाराचे लिलाव होतात तिथे याच भीतीने आधी अनामत भरून घेतात. सौदा मोडणाऱ्याची वाजवी बयाणा रक्कम जप्त करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या मौला बक्ष खटल्यात मान्य केले आहे. वार्षिक सभेत भंगाराचा विषय निघाला की अनामत किती घेतली, हे सभासदांनी जरूर विचारावे.

परळचे घड्याळ पुतण्याने पुन्हा लिलावाला लावले आहे. या खेपेस चौथ्या दिवसाची खूण त्याने कालनिर्णयवर करून ठेवली आहे.

– ऊस विकास अधिकारी