कुत्र्याचे घरचे जेवण : हिशेब कॅल्शियमचा



शाळेच्या मागच्या फाटकाशी राहणारा तांब्या तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचा पुढचा डावा पाय वाकडा का, असे पाचवीची नवी मुले विचारतात. उत्तर द्यायचे तर आमचीच चूक सांगावी लागते.

तांब्या दोन महिन्यांचा असताना त्याची आई गाडीखाली सापडली. विज्ञान मंडळाच्या आम्हां शिक्षकांनी आणि मुलांनी त्याच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या. इंदुरात राहायचे म्हणजे डब्यात पोहे असायचेच. पण पोह्यांत कांदा असतो, आणि कांदा-लसूण, शिजवलेलासुद्धा, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून डब्यातले उरलेले बंद केले आणि बिनमसाल्याचा उकडलेला चिकनचा खिमा व भात सुरू केला. शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पोटात रुततात, म्हणून हाड मुळीच नाही. पिल्लू गुटगुटीत दिसू लागले. आम्ही खूश!

दोन महिन्यांनी ते लंगडू लागले. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. पशुवैद्यांनी एक्स-रे पाहून एकच प्रश्न विचारला, "कॅल्शियम कशातून देता?" आम्ही म्हणालो, "रोज चिकन देतो की!"

चूक नेमकी तिथेच होती. बिनहाडाच्या मांसात प्रथिने भरपूर असतात. पण कॅल्शियमच्या सुमारे पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिलाला फॉस्फरसइतके किंवा थोडे अधिकच कॅल्शियम लागते. रक्तातले कॅल्शियम घटले तर हृदय व स्नायू चालणार नाहीत, म्हणून गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात आणि हाडांतला साठा उपसला जातो. रक्त सावरते, हाडे मात्र पोकळ होतात. रानातला लांडगा शिकार हाडांसकट खातो, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. (कुत्रा अगदी लांडगाही नव्हे. पिठूळ पदार्थ पचवणारे जनुक त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक प्रतींत आहे, असे २०१३ साली दिसून आले. भात-पोळी त्याला पचते ती त्यामुळे.)

आता तांब्या दीड वर्षाचा, पंधरा किलोचा आहे. त्याचे दिवसाचे जेवण असे : १०० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, २५० ग्रॅम खिमा, १०० ग्रॅम लाल भोपळा, दीड चमचा तेल आणि अर्धा सपाट चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची पूड. कवचे धुऊन, दहा मिनिटे उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी बारीक करावीत. अर्ध्या चमच्यातून सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. जास्त घातले तर जास्त बळकटी, असे समजू नये. मोठ्या जातीच्या पिलांची हाडे जादा कॅल्शियमनेही बिघडतात.

एवढ्यानेही जेवण पूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन आणि ड व ई जीवनसत्त्वे कमीच पडतात. आपल्याप्रमाणे उन्हात बसून पुरेसे ड जीवनसत्त्व कुत्र्याला तयार करता येत नाही. त्यासाठी पशुवैद्यांनी दिलेली पावडर आम्ही रोज मिसळतो. अमेरिकेत डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. पालकांनी म्हणूनच, विशेषतः घरात पिल्लू असेल तर, वरचे माप जसेच्या तसे उचलू नये. पिलाचे वजन व वय सांगून पशुवैद्यांकडून माप ठरवून घ्यावे. मांस न शिजवणाऱ्या घरांत अंडी आणि पनीर वापरता येते. पूरक पावडर तिथेही लागतेच.

द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुणीही, वाढदिवसालासुद्धा, देऊ नये.

उपचारांनंतर तांब्याचे दुखणे महिन्याभरात थांबले. उजवा पाय बराच सरळ झाला, डावा तसाच राहिला. तो धावतो, पण जिना चढताना थबकतो.

पूड संपत आली आहे. ज्यांच्या घरी अंडी होतात त्यांनी धुतलेली, कोरडी कवचे सोमवारी प्रयोगशाळेच्या दाराजवळील डब्यात टाकावीत. सातवीच्या पाळीने तराजू वापरून झाल्यावर पुसून ठेवावा.