स्टँपपेपरवर खटला मिटत नाही

पुतण्यासाठी पेठ वडगावच्या कोर्टात मी जामीन राहिलो. भांडण बांधाचं, तेही भावकीतलं. शिवीगाळ झाली, पुतण्यानं ठोसा मारला आणि समोरच्याचा दात पडला.

नुसता मुका मार असता तर बहुधा एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागलं असतं. साध्या दुखापतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागतं, म्हणजे एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दात किंवा हाड मोडलं की ती गंभीर दुखापत ठरते. मग कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून कलमांचे हे आकडे बदलले, तरी चावडीवर अजून जुन्या दंड संहितेचे ३२३ आणि ३२५च चालतात. राग किती होता हे कोण विचारतं? डॉक्टरांचा दाखला काय म्हणतो, त्यावर कलम ठरतं.

पुढं वडीलधाऱ्यांनी स्टँपपेपरवर समेट लिहून घेतला, चहा झाला, दोन्ही घरं निर्धास्त. पुतण्या तारखेला गेलाच नाही. वॉरंट निघालं आणि मला नोटीस आली, कारण आरोपी गैरहजर राहिला तर जामीनदाराच्या बंधपत्राची रक्कम वसूल होऊ शकते. समेट खोटा नव्हता, तो कोर्टापर्यंत पोचलाच नव्हता.

साधी दुखापत असेल तर जखमी माणूस कोर्टात स्वतः तडजोड करू शकतो. गंभीर असेल तर कोर्टाची परवानगी लागते. तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. कोयता, विळा निघाला असेल तर मात्र ११८ लागतं आणि ते खालच्या कोर्टात मिटत नाही. दोघांनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागावा लागतो आणि तिथंही हमी नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली एवढंच.

आपल्याकडं घरोघरी पोरं पोलीस आणि सैन्याच्या भरतीची तयारी करतात. त्यांना एक सांगणं: मिटलेली केसही फॉर्ममध्ये विचारली तर लिहा. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं माहिती खरी देण्यावरच भर दिला. किरकोळ गुन्हा एकवेळ माफ होतो, लपवाछपवी नोकरीवर येते.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो. तोवर एकही तारीख चुकवू नका.