निळू फुले : गावच्या सत्तेचा आरसा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमेच्या दोन्ही अंगांनी उसाचा पट्टा पसरलेला आहे. एका बाजूस शिरूर तालुका, दुसऱ्या बाजूस दौंड. वडगाव रासाई, मांडवगण फराटा यांसारखी गावे ह्याच पट्ट्यातील. ह्या भागात न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि उसाबरोबर गावाच्या जीवनात सोसायटी, कारखाना, पंचायत समिती आणि निवडणूक हे नवे शब्द रूढ झाले. ह्या स्थित्यंतराची नोंद सरकारी अहवालांत आहे, अर्थशास्त्राच्या ग्रंथांत आहे. परंतु गावाच्या बदलत्या सत्तेचा चेहरा सामान्य माणसाला प्रथम दिसला तो यात्रेतील तंबूत लागलेल्या चित्रपटाच्या पडद्यावर, आणि त्या चेहऱ्याचे नाव होते निळू फुले.

मराठी चित्रपटातील खलनायक म्हणून निळू फुले यांची कीर्ती एवढी मोठी झाली की, त्यांच्या कार्याचा अन्य अर्थ लावण्याची गरज पुष्कळांना भासली नाही. वस्तुतः त्यांनी उभा केलेला पाटील, सरपंच वा साखरसम्राट हा केवळ दुष्ट मनुष्य नव्हे. ग्रामीण सत्ता कशी मिळते, कशी टिकते आणि ती कोणाच्या मौनावर उभी असते, याचा तो अभ्यास होय. ह्या दृष्टीने त्यांच्या जीवनाकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

घडण

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या सुमारास पुण्यातील एका सामान्य कुटुंबात झाला. भांडवल वा वशिला यांपैकी काहीही पाठीशी नव्हते. तरुण वयात त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. दरमहा ऐंशी रुपये वेतन मिळे आणि त्यातील दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाच्या कार्यास देत. वेतनाचा आठवा हिस्सा समाजकार्यासाठी बाजूस काढणारा हा तरुण पुढे पडद्यावर दुसऱ्याच्या जमिनी आणि अब्रू गिळणारा म्हणून गाजावा, हा मोठा विरोधाभास म्हटला पाहिजे. परंतु ह्या विरोधाभासातच त्यांच्या अभिनयाचे मूळ आहे.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ मधील. साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्या विचारांनी भारलेल्या ह्या संघटनेचे कलापथक हे एक महत्त्वाचे अंग होते. लोकांच्या भाषेत, लोकांच्या कलाप्रकारांतून समतेचा विचार मांडावयाचा, हे ह्या पथकाचे सूत्र. पु. ल. देशपांडे, वसंत बापट यांसारखे लेखक-कवी त्यासाठी लिहीत. दादा कोंडके, राम नगरकर आणि निळू फुले हे कलावंत ह्याच शाळेत तयार झाले. पुढे तिघांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. परंतु समोर बसलेल्या शेतकऱ्याला आणि कामगाराला आपले म्हणणे नेमके कळले पाहिजे, हा आग्रह तिघांतही कायम राहिला.

लोकनाट्याची शाळा

तमाशाची गण, गौळण, बतावणी आणि वग ही रचना घेऊन तीत राजकीय व सामाजिक आशय भरावयाचा, असा लोकनाट्याचा प्रयोग स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जोमाने झाला. १९५७ च्या निवडणुकीच्या काळात ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ ह्या लोकनाट्यातून निळू फुले रंगमंचावर आले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधील रोंगे ही त्यांची भूमिका लक्षात राहणारी ठरली. त्यानंतर शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नाव मिळवून दिले.

लोकनाट्याने त्यांना दोन गोष्टी शिकविल्या. एक म्हणजे उत्स्फूर्तता. समोरच्या प्रेक्षकाचा कल ओळखून संवादात भर घालावयाची वा तो आखडता घ्यावयाचा. दुसरी अधिक महत्त्वाची. वगातील राजा, प्रधान, कोतवाल ही पात्रे नावाला पुराणी असली तरी प्रेक्षक त्यांत आपल्या गावचा सरपंच, आपला तलाठी, आपला सावकार पाहतो. सत्ताधाऱ्याची नक्कल करावयाची ती त्याचा पोशाख चढवून नव्हे, तर त्याची बोलण्याची, बसण्याची, गप्प राहण्याची रीत पकडून. हे शिक्षण घेऊनच निळू फुले चित्रपटात गेले.

पडद्यावरील आगमन आणि काळाची पार्श्वभूमी

अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट १९६८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील झेलेअण्णा ह्या भूमिकेने निळू फुले यांचे चित्रपटसृष्टीतील स्थान निश्चित झाले. ह्या यशाचा अर्थ समजण्यासाठी त्या काळच्या घडामोडी ध्यानात घ्यावयास हव्यात.

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या ह्या प्रयोगाने ऊस उत्पादक शेतकऱ्याला कारखान्याचा मालक बनविले. पाठोपाठ राज्यात असे अनेक कारखाने निघाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती कारभार आला, ही फार मोठी लोकशाही क्रांती होती. परंतु जेथे पाणी, पतपुरवठा, उसाची तोड आणि मतपेटी यांच्या किल्ल्या एकाच हाती एकवटल्या, तेथे जुन्या वतनदारीने नवे कपडे घातले. सहकाराने गरिबाला बळ दिले हे जितके खरे, तितकेच त्या बळावर काही ठिकाणी एखाद्या घराने कब्जा केला, हेही खरे.

मराठी चित्रपटात पूर्वीचा खलनायक बहुधा सावकार वा जमीनदार असे. त्याची दुष्टता उघड असे आणि त्याच्या अंताने कथा सुटत असे. निळू फुले यांनी रंगविलेला माणूस निराळा होता. तो लोकांनी निवडून दिलेला होता. तो विकासाची भाषा बोले, शाळेच्या इमारतीचे उद्घाटन करी, लग्नकार्याला पुढाकार घेई. त्याच्यावाचून गावाचे पान हलत नसे आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नसे.

‘सामना’

ह्या व्यक्तिरेखेचा परमोत्कर्ष म्हणजे ‘सामना’ चित्रपटातील हिंदुराव धोंडे पाटील. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला.

कथानक वरकरणी साधे आहे. एके काळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला आणि आता दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर साखरसम्राट हिंदुरावाच्या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो. मास्तरच्या कानावर एक नाव येते, मारुती कांबळे. हा मनुष्य गावातून नाहीसा झालेला आहे. त्याचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच सांगत नाही. मास्तर हा प्रश्न विचारीत राहतो. एका निर्धन, दुबळ्या, व्यसनी माणसाने विचारलेल्या ह्या प्रश्नाने धनसत्तेचा पाया हादरू लागतो.

मास्तरची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची, तर मारुती कांबळेच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. निळू फुले यांनी हिंदुरावाला राक्षस बनविले नाही. हा माणूस कर्तृत्ववान आहे. ओसाड माळावर त्याने वैभव उभे केले आहे आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. त्याला माणसांची पारख आहे. म्हणूनच मास्तरबद्दल त्याला कुतूहल वाटते. आपण गावासाठी एवढे केले, तेव्हा एका माणसाचा हिशेब आपणास कोण मागणार, ही त्याची मनोधारणा आहे. विकासाच्या नावाखाली एका माणसाचा जीव खर्ची टाकता येतो काय, हा चित्रपटाचा खरा प्रश्न. हिंदुराव केवळ दुर्जन असता तर प्रेक्षक सुटला असता. तो कर्तबगार असल्यामुळे निवाडा प्रेक्षकाला करावा लागतो.

अभिनयाची रीत

निळू फुले यांचा आवाज खर्जातला, किंचित घोगरा. बोलणे संथ. धमकी द्यावयाची असता ते आवाज चढवीत नसत, उलट तो खाली आणीत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. तिरपी नजर, ओठांच्या कोपऱ्यातील हसू, धोतराचा सोगा सावरण्याची लकब, समोरच्याला बोलू देऊन मग एखाद्या शब्दात त्याला गप्प करणे, ही त्यांची साधने. देहयष्टी किरकोळ, चेहरा रूढ अर्थाने देखणा नव्हे. तरीही ते चौकटीत आले की, सभोवतालची माणसे आपोआप दबल्यासारखी दिसत.

ह्या भूमिकांचा प्रभाव असा होता की, खेडोपाडी स्त्रिया त्यांना प्रत्यक्षात पाहूनही शिव्याशाप देत. ही आपल्या कामाला मिळालेली पावती, असे ते मानीत. ह्या गोष्टीकडे केवळ गंमत म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या बाईला आपल्या गावातील बलदंड माणसाविरुद्ध एक शब्द काढता येत नव्हता, तिला पडद्यावरील त्या माणसाला मोकळेपणी शिव्या देता येत होत्या. अन्याय ओळखणे ही अन्यायाच्या निवारणातील पहिली पायरी होय.

मुखवट्याच्या दुसऱ्या बाजूस

एकाच साच्यात त्यांना बसविणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकात त्यांनी सखारामची भूमिका केली. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या नाटकाला परिनिरीक्षणाच्या प्रश्नावरून न्यायालयापर्यंत जावे लागले. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ मध्ये ते आप्पाजी ह्या वृद्ध ध्येयनिष्ठ गांधीवाद्याच्या भूमिकेत दिसले. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) ह्या चित्रपटात ते दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. सत्तेच्या खेळाचा हा साक्षीदार सर्व काही पाहतो, सर्व काही जाणतो आणि अखेरीस त्याचे मन त्या भाराखाली मोडते. ‘सामना’मध्ये सत्ता भोगणारा आणि ‘सिंहासन’मध्ये ती पाहून उद्ध्वस्त होणारा अशी दोन्ही टोके एकाच नटाने पेलली. हिंदी चित्रपटांतही ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) आणि ‘सारांश’ (१९८४) यांतून ते देशभरच्या प्रेक्षकांना परिचित झाले. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

प्रत्यक्ष जीवनात त्यांनी सेवा दलाचा वसा सोडला नाही. जातीय विषमता आणि अंधश्रद्धा यांविरुद्धच्या कार्यात ते नाव मिळाल्यानंतरही सहभागी होत राहिले. डॉ. श्रीराम लागू, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ ह्या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी गावोगावी करून हा निधी जमविला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देण्याची ही योजना. समाजाने कलावंताला दिले, ते कलावंताने समाजाला परत करावे, ही त्यामागील भूमिका. ‘सामना’मधील हिंदुराव आणि मास्तर येथे एकाच कामासाठी खांद्याला खांदा लावून उभे होते.

१३ जुलै २००९ रोजी पुणे येथे निळू फुले यांचे निधन झाले.

आजचा बोध

हिंदुरावाच्या गावाला जे उपलब्ध नव्हते, ते पुष्कळ आज उपलब्ध आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि स्त्रियांना व दुर्बल घटकांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने प्राप्त झाला. कोणत्या कामावर किती खर्च झाला, हे विचारण्यासाठी आता कोणाच्या वाड्यावर जावे लागत नाही. एक साधा अर्ज पुरेसा होतो.

तथापि कायदा प्रश्न विचारण्याची सोय करून देतो, प्रश्न विचारण्याचे धैर्य देत नाही. ग्रामसभेची नोटीस निघते, परंतु सभेस येऊन बोलणारे थोडेच असतात. राखीव जागेवर निवडून आलेल्या भगिनीच्या मागे कारभार दुसराच कोणी हाकीत असेल, तर हिंदुरावाचे राज्य संपले असे म्हणता येणार नाही. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जात असताना सभासद गप्प बसला, तर संस्था नावापुरतीच त्याची राहते.

भीमाकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावांत आज चित्रपटाचा तंबू उरलेला नाही. पडदा प्रत्येकाच्या हातात आला आहे. त्या छोट्या पडद्यावर निळू फुले यांच्या नकला हौसेने पाहिल्या जातात. गावातील तरुणांनी, सोसायटीच्या सभासदांनी आणि नव्याने निवडून आलेल्या पंचांनी नकलेवर न थांबता मूळ ‘सामना’ एकत्र बसून पाहावा आणि त्यावर चर्चा करावी. आपल्या गावात ज्याच्याविषयी कोणी विचारीत नाही असा मारुती कांबळे आहे काय, याचा शोध त्या चर्चेत घ्यावा. वेतनातील दहा रुपये काढून देणाऱ्या त्या माळ्याने आयुष्यभर खलनायक रंगविला तो लोकांनी त्याला ओळखावे म्हणून. ओळख पटल्यानंतरचे काम गावाचे आहे.