गाळा भाड्याचा, लाइट बिल कोणाचे?

गाळा घेताना आपले कारागीर बांधव भाडे आणि डिपॉझिट घासाघीस करून ठरवतात. वीज-पाण्याचे बिल मात्र "बघू पुढे" म्हणून सोडतात. आमच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या भाईंना मागच्या भाडेकरूची थकबाकी भरावी लागली. ताबा घेतानाचे मीटर रीडिंग कोणीच लिहून ठेवले नव्हते!

आतल्या वापराची वीज भाडेकरूने भरावी, हा सर्वसाधारण रिवाज. जिन्याचा दिवा, पाण्याचा पंप यांचे काय? ते करारावरच ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचे वीज-पाणी तोडता येत नाही.

किल्ली घेण्याआधी शेवटच्या भरलेल्या बिलाची पावती पाहा, रीडिंग करारात लिहा. सबमीटर असल्यास युनिटचा दरही लिहून घ्या. मूळ बिल मालकाकडे राहत असेल, तर दर महिन्याला त्याची झेरॉक्स मागून घ्यावी.